माशीमागे २४०च्या वेगानं

समुद्रपूरला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुंबई-पुण्याकडचा पाहुणा जामच्या चौरस्त्यावर उतरला की हा विनोद करतोच, आणि तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असं त्याच्या तोंडावर दिसत असतं. आम्ही हसतो. पाहुणचाराचा तो भाग आहे. पण डिसेंबरात तुरी फुलावर आल्या की शिवारात पिवळ्या लाटा उठतात, आणि ऊन जरा तापलं की त्या लाटांतून जो आवाज येतो तो डोळे मिटून ऐकला तर गाज म्हणून खपून जाईल. तो आवाज माशांचा. तोंडाचा नव्हे, पंखांचा. पेटीतली मधमाशी उडताना सेकंदाला साधारण २३० वेळा पंख मारते. हा आकडा लक्षात ठेवा. याच आकड्यानं पुढे तालुक्यात माझी शोभा केली आहे.

सुरुवात झाली फोनपासून. मुलानं पुण्याहून पाठवला. "बाबा, यात स्लो मोशन आहे. सेकंदाला २४० फ्रेम," तो म्हणाला. मी ३२ वर्षं सरकारी कचेरीत काढली. त्यावरून स्लो मोशनचा जो विनोद आत्ता तुमच्या ओठांवर आला, तो माझ्या निवृत्तीच्या सत्कारात तीन वक्त्यांनी करून झाला आहे. तेव्हा पुढे जाऊ.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं काढतो आणि तितकीच दाखवतो. स्लो मोशनमध्ये काढायची २४० आणि दाखवायची ३०. म्हणजे एका पोळीच्या कणकेच्या आठ पोळ्या लाटायच्या. कणीक पुरते, कारण ती आधीच आठपट मळून ठेवलेली असते. पहिल्या आठवड्यात घरात जे हललं ते मी टिपलं. फोडणीत तडतडणारी मोहरी. गोऱ्ह्याची शेपटी. नळाचं पाणी, आलं त्या दिवशी. शेजाऱ्यांची शिंक. शिंकेचा व्हिडिओ विज्ञानाच्या दृष्टीनं अप्रतिम होता. एका माणसाच्या आत किती चेहरे दाटीवाटीनं राहतात ते त्यात स्वच्छ दिसत होतं. मी तो कौतुकानं शेजाऱ्यांना दाखवला. तेव्हापासून ते आमच्याकडे पेपर मागायला येत नाहीत.

मग एका रात्री ट्यूबलाइटखाली घरमाशी धरली. व्हिडिओ लावून पाहतो तर माशी बाजूलाच राहिली, आख्खं घर उजळत होतं आणि मंदावत होतं, उजळत होतं आणि मंदावत होतं. बायकोनं ते पाहून इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खुलासा केला. मास्तर म्हणजे माझे शाळेपासूनचे मित्र, जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरातली वीज ५० सायकलची. प्रत्येक सायकलीत ती दोनदा शून्यावर येते. म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. आमच्या भागात वीज जाते ही कधीच बातमी नव्हती. ती सेकंदाला शंभर वेळा जाते-येते, हे मात्र मला नवीन होतं.

"तुझ्या डोळ्याले ते दिसत नाही म्हणून तू सुखी आहे," मास्तर म्हणाले.

पुतण्यानं गेल्या वर्षी शेतात मधमाशांच्या पाच पेट्या ठेवल्या, तिथून खरा उद्योग सुरू झाला. आमच्याकडे मूळच्या माशा तशा ओळखीच्या: उंच फांदीला नाहीतर पाण्याच्या टाकीला लोंबतं मोहोळ लावणारी आग्या, पोकळीत राहणारी सातेरी, आणि झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. पेटीतली मेलिफेरा परदेशातून आलेली. मध अधिक देते, आणि पुतण्याच्या शब्दांत "सोभावानं गरीब हाये." या शेवटच्या मुद्द्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

मधमाशी पाळणं आमच्या जिल्ह्याला परकं नाही. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्यात. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपला बगीचा दिला, त्याची मगनवाडी झाली, आणि तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीला मधमाशीही ग्रामोद्योगात आली. संघाचा गाडा ओढला जे. सी. कुमारप्पांनी. त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात निसर्गातल्या अर्थव्यवस्थांचे प्रकार पाडले आहेत. त्यात आयत्या बागेत शिरून फळं ओरबाडणारं माकड खालच्या पायरीवर, आणि साऱ्या पोळ्यासाठी राबणारी मधमाशी बरीच वर. हातात फोन घेऊन मधमाशीच्या मागे तुरीतून धावणाऱ्या निवृत्त कारकुनाला त्यांनी कुठल्या पायरीवर बसवलं असतं, याचा मी विचार करत नाही. पण माझ्या डोक्यावर माकडटोपी होती, हे नमूद करून ठेवतो.

पहिल्या दिवशी मी ४१ क्लिपा काढल्या. त्यातल्या २६ क्लिपांत तुरीचं एक फूल वरखाली हलताना दिसतं. माशी आत्ताच इथून गेली, एवढं त्यावरून सिद्ध होतं. पंचनाम्याला पुरेसं आहे, चित्रपटाला नाही. नऊ क्लिपांत माझा अंगठा आहे. पाच क्लिपांत माशी आहे, पण ती धुक्यात. फोकस जाऊन बसलाय मागच्या शेंगेवर, आणि शेंगेवर एक अळी इतकी स्पष्ट, की तिच्या अंगावरचे केस मोजून घ्यावेत. पुतण्याला माझ्या साऱ्या छायाचित्रणात तेवढाच भाग आवडला. "हे काहाळलं तुमी कामाचं!" म्हणत तो फवाऱ्याच्या तयारीला लागला. फवारणी संध्याकाळी, माशा पेटीत परतल्यावर. सकाळी फुलावर माशी असताना औषध मारायचं नाही, एवढं त्यानं पेट्या आणल्यापासून पाळलं आहे. एकेचाळिसावी क्लिप आकाशाची आहे. तिचा खुलासा मी बायकोलाही दिलेला नाही.

शिवाय २४० फ्रेमचा व्हिडिओ माझ्या फोनात मिनिटाला जवळपास अर्धा जीबी जागा खातो. संध्याकाळपर्यंत फोन भरला. जागा करण्यासाठी मी १,१०० 'शुभ सकाळ' पुसून टाकल्या. त्यातल्या निदान शंभरांमध्ये एकच मजकूर होता: विज्ञानाच्या नियमानुसार भुंग्याला उडता येणं शक्य नाही, पण भुंग्याला हे माहीत नाही, म्हणून तो उडतो, आपणही उडूया. पाठवणारे बहुतेक जण आमच्याच गल्लीतले, सकाळी दहापर्यंत न उठणारे.

"मोठेबाबा, माशीच्या मांगं नोका धावू," शेवटी पुतण्या म्हणाला. "माशी कुठीबी गेली तरी पेटीपाशी येतेच न जी. तिथं फोन लावा अन् चुपचाप बसा."

३२ वर्षं टेबलामागे बसून लोक आपोआप आपल्याकडे येताना पाहिलेल्या माणसाला ही युक्ती स्वतःहून सुचू नये, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मी तुराट्यांची तिपाई बांधली. तुरीच्या शेतात ट्रायपॉड विकत आणणं म्हणजे नदीकाठी पाण्याची बाटली. पेटीच्या दाराशी जी उतरायची फळी असते तिच्यावर फोकस पक्का केला आणि बाजूला बसलो. तरी पंख पुसटच येत होते. मास्तरांनी फोनवरून निदान केलं: पेटीवर बाभळीची सावली आहे. प्रकाश कमी पडला की फोन एकेक चित्र काढायला जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात माशीचा पंख जवळजवळ एक फेरी मारून परत आलेला असतो. कडक ऊन असलं की फोन क्षणात डोळा मिटतो आणि पंख जागच्या जागी सापडतो. कडक उन्हाला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही. पुतण्यानं बाभळीच्या दोन फांद्या छाटल्या, आणि फळीवर ऊन आलं.

त्यानंतर मी जे पाहिलं ते खरंच सांगण्यासारखं आहे.

साध्या डोळ्यांना पेटीच्या दाराशी नुसती गडबड दिसते. आठपट संथ केली की तेच हिंगणघाटचं बसस्टँड होतं. माशा उतरतात त्या काही विमानासारख्या ऐटीत नव्हे. मागचे पाय लोंबते सोडून, पोट खाली टाकून, बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एसटीतून उतरणाऱ्या बाईसारख्या येतात. पिशव्या खऱ्याच असतात: मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे. काहींचा अंदाज चुकतो आणि त्या फळीच्या कडेला धडकून खाली पडतात, पाठीवर पडून पाय झाडतात, उठतात आणि कुणी पाहिलं नाही ना अशा बेतानं पुन्हा वर येतात. दोघी हवेत एकमेकींवर आदळतात; भांडण नाही, पावती नाही. दारावरच्या पहारेकरणी आत शिरणाऱ्या प्रत्येकीला हुंगून पाहतात. ओळखपत्राची झेरॉक्स मागत नाहीत.

एक म्हातारी पुन्हा पुन्हा दिसत असे. म्हातारी म्हणजे पाच-सहा आठवड्यांची. कामाच्या हंगामात कामकरी माशीचं आयुष्यच तेवढं. मधमाशीला पंख चार, पण पुढचा आणि मागचा पंख उडताना एकमेकांत अडकतात. मागच्या पंखाच्या काठावर बारीक आकड्यांची रांग असते, पोलक्याच्या हुकांसारखी. या म्हातारीच्या पंखांची टोकं इतकी विरली होती की जुनं लुगडं आठवावं. तशा पंखांनी ती ओझं घेऊन येत होती, आणि दर वेळी फळीच्या बरोबर मधोमध उतरत होती. एका कामकरी माशीच्या जन्मभराच्या कमाईचा मध चहाच्या चमच्याचा साधारण बारावा हिस्सा भरतो. बायको सकाळी लिंबूपाण्यात सढळ हातानं मध घालते. हे वाचून दाखवल्यावर तिचा हात जरा आवरला. मला मिळणाऱ्या मधापुरता.

बायकोलाही मी क्लिपा दाखवत असे. एकदा फळीवर एक जाडजूड प्राणी आला. डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना भिडलेले. आला, रेंगाळला, आत गेला.

"हे कोन?"

"नर. त्याला डंख नसतो. पराग आणत नाही, पोळं बांधत नाही. बहिणी खाऊ घालतात."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि कुकर बघायला गेली.

पेटीपाशी बसून बसून माणूस वाचायला लागतो. मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की संथ चित्रांच्या या वेडाला आपल्याकडेही नातं आहे, फक्त उलटं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं, 'अंकुराची वाढ'. रोज थोडी थोडी चित्रं घ्यायची आणि नंतर सलग दाखवायची. रोप पडद्यावर क्षणात वर येतं. वेळ मुडपायचा. भांडवल घालणाऱ्याला सिनेमाची जादू पटावी म्हणून हा खटाटोप, आणि ती पटली. माझा उद्योग वेळ उसवण्याचा. त्याचं पेटंट १९०४ साली ऑस्ट्रियातल्या ऑगस्ट मुस्गर नावाच्या पाद्र्यानं घेतलं. पुढे फी भरायला पैसे नव्हते म्हणून पेटंट हातचं गेलं आणि नफा जर्मन कंपनीनं कमावला. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्याईचीबी कापसाचीच शेती होती का जी?"

त्याच १९०४ साली पॅरिसला ल्युसियाँ बुल यानं विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या किड्यांची चित्रं सेकंदाला हजाराहून जास्त वेगानं काढली. त्यानं अशी सोय केली होती की किडा उडाला की त्याच्या उडण्यानंच यंत्र चालू व्हावं. म्हणजे बटण माशीनं दाबायचं. माझ्या ४१ क्लिपांकडे पाहता ही जबाबदारी माशीकडे सोपवणंच शहाणपणाचं होतं. बुलचे गुरू मारे यांनी तर त्याच्याही ३५ वर्षं आधी गांधीलमाशीच्या पंखांच्या टोकाला सोन्याचा वर्ख चिकटवला आणि अंधारात उन्हाचा झोत सोडून पाहिलं. वर्खानं हवेत आठाचा आकडा काढला. इंग्रजी आठ. पूर्ण मिटलेला. मराठी ८ काढणारी माशी पहिल्याच फटक्यात जमिनीवर आली असती.

आणि संथ चित्रांचंच काढाल तर आमच्या तालुक्यात गिरडची टेकडी आहे. फरीदबाबांच्या या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे दगडाचे गोळे सापडतात. तिथून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी जागच्या जागी दगड केले, असं जुनी माणसं सांगतात. भूगर्भवाले वेगळं सांगतात. पण वाहता माल जिथल्या तिथे थांबवण्याची कला इथे कॅमेऱ्याच्या फार आधीपासून आहे, एवढाच माझा मुद्दा.

आता मोक्षदा एकादशी.

त्या दिवशी थंडी बरी होती. मी सासूबाईंनी विणलेला काळा लोकरी स्वेटर आणि तपकिरी माकडटोपी घातली. साबुदाण्याची उसळ व्हायला वेळ होता म्हणून दोन केळी खाल्ली, तिसरं शेतात खाल्लं, आणि साली गोऱ्ह्यासाठी स्वेटरच्या खिशात ठेवल्या. पेटीच्या दाराशी फोन आणखी चार बोटं पुढे सरकवायला वाकलो.

यातली प्रत्येक गोष्ट चूक होती हे मला नंतर कळलं. पेट्यांवर काम करणारे लोक पांढरे, गुळगुळीत कपडे घालतात, कारण काळं आणि केसाळ काही दाराशी वाकलं की माशीच्या हिशेबानं ते अस्वल असतं. विदर्भातल्या माशीला हा हिशेब शिकवावा लागत नाही. आणि माशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर एक वास सुटतो, बाकीच्यांना बोलावणारा. त्यातलं मुख्य द्रव्य पिकल्या केळाच्या वासाचं असतं. म्हणून पेटीवाले सांगतात, पेटीजवळ जाताना केळं खाऊ नका. थोडक्यात, मी अस्वलाच्या वेषात, अंगभर 'हल्ला करा' असा वास लावून, त्यांच्या उंबरठ्यावर डोकं टेकवलं.

पहिल्या पहारेकरणीनं कपाळावर नुसती धडक दिली. ती सूचना असते. नोटिशीला उत्तर न देण्याची मला नोकरीपासून सवय. दुसरीनं कानावर तामील केली.

मी पळालो. याआधी मी १९८६ साली पळालो होतो, हिंगणघाटच्या बसमागे. तेव्हा बस सुटली होती. माशा सुटल्या नाहीत. मागून पुतण्या ओरडत होता, "हात नोका झटकू! घरात शिरा, घरात!" त्याच्या आवाजात काळजी होती, पण ती जरा एका जागेवरून येत होती. घरात शिरून दार लावल्यावर कळलं की तो बाभळीखाली उभा राहून हे सगळं त्याच्या फोनवर टिपत होता.

"म्हटलं, पुरावा राहीन," तो म्हणाला.

तीन डंख: एक कानाला, एक मानेला, आणि एक उल्लेख न करण्याजोगा. मेलिफेराच्या डंखाला उलटे काटे असतात. तो आपल्या कातडीत रुतून राहतो, माशी मरते, आणि डंखाला लागलेली विषाची पिशवी नंतरही आपलं काम करत राहते. म्हणून तो ताबडतोब नखानं खरवडून काढायचा असतो. आमच्या अंगणात मात्र आधी सभा भरली. एक म्हणाले चुना लावा. एक म्हणाले लोखंड घासा, आणि विळा घेऊन आलेही. एका आजींनी तुळशीतली माती आणली, एकांनी कांदा कापला. उल्लेख न करण्याजोग्या डंखाचा विषय निघाल्यावर सभा आपोआप तहकूब झाली. पेपर बंद केलेले शेजारीसुद्धा आले होते. त्यांनी काही उपाय सुचवला नाही. नुसते उभे राहून समाधानानं पाहत होते.

क्लिप संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर, रात्री गावात आणि सकाळी तालुक्यात पोचली. सहा सेकंदांची पळापळ २४० फ्रेमनं काढली की ४८ सेकंद होतात. ४८ सेकंद फार असतात. गाल आधी डावीकडे जातात, मग तोंड जातं, मग गाल परत येतात. माकडटोपी डोळ्यांवर घसरते, त्यामुळे दहाव्या ते सोळाव्या सेकंदात मी अत्यंत आत्मविश्वासानं भलत्याच दिशेला पळतो. पंचविसाव्या सेकंदाला खिशातून केळाची साल निघते आणि हवेत अशी डौलात गिरक्या घेत जाते, की लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं अक्षता तशा टिपाव्यात. मुलाचा पुण्याहून निरोप आला: "बाबा, स्टाइल भारी." बायको ती क्लिप एकटी असताना पाहते, असा मला संशय आहे. आतल्या खोलीतून मधूनच खुदकन आवाज येतो आणि मी गेलो की कुकर बघायला उठते.

चौथ्या दिवशी कानाची सूज उतरली आणि मास्तर आले. त्यांनी क्लिप तीनदा पाहिली. पहिल्यांदा मित्र म्हणून, तेव्हा ते चष्मा काढून डोळे पुसत होते. दुसऱ्या-तिसऱ्यांदा मात्र शास्त्रज्ञ म्हणून.

"एकतिसावं सेकंद पाहिलं का तू?"

पाहिलं होतं. ३१व्या सेकंदाला माझ्या उजव्या कानाच्या वर, उन्हात, एक माशी येते. स्वच्छ, धारदार, पायावरच्या गोळ्यासकट. तीन आठवडे तुराट्यांवर फोन टांगून मला जे मिळालं नव्हतं ते पुतण्याला माझ्या कानाशी मिळालं होतं. आणि तिचे पंख दिसतात! बगळा संध्याकाळी तलावावरून घरी जातो तसे, सावकाश, वर आणि खाली. ती साऱ्या क्लिपेतली एकमेव शांत व्यक्ती आहे. मी छातीला हात लावून सांगितलं की समुद्रपूर तालुक्यात मधमाशीचे पंख आजवर एवढे स्पष्ट कुणी टिपले नसतील.

"ते पंख खोटे आहे," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी माझ्याच वहीत मांडून दाखवलं. सिनेमात घोडागाडीचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. फोन सेकंदाला २४० चित्रं काढतो, माशी पंख मारते २३० वेळा. दोन आकडे जवळजवळ सारखे. प्रत्येक चित्राच्या वेळी पंख जवळजवळ एक फेरी मारून आधीच्या जागेच्या किंचित अलीकडे पोचलेला असतो. पुढच्या चित्रात आणखी किंचित अलीकडे. अशी २४ चित्रं झाली की पडद्यावर एक फेरी पुरी होते, तीही उलटी. तेवढ्या वेळात माशीनं पंख प्रत्यक्षात २३ वेळा मारलेले असतात. २३ फेऱ्यांचं काम, आणि नोंद एकीची, तीही उलट क्रमानं. मी ३२ वर्षं नोकरी केली आहे. मला हे एकदम समजलं.

पंख खरोखर पाहायचे तर हजारोंत चित्रं लागतात. २००५ साली अमेरिकेत कॅलटेकच्या लोकांनी तरंगत्या मधमाशा सेकंदाला ६,००० चित्रांनी टिपल्या. एका फेरीला २६ चित्रं. दिसलं ते असं की मधमाशी पंख फार दूरवर नेतच नाही. जेमतेम ९० अंशांच्या काटकोनात आखूड आखूड फटके मारते, पण भयंकर भराभर. मग त्यांनी हवेतला नायट्रोजन काढून हेलियम भरला, म्हणजे हवा पातळ केली. माशीनं फटक्यांचा वेग तोच ठेवला आणि पंख तेवढे लांबवर नेले. भुंग्याचं ते 'शुभ सकाळ'ही तिथेच निकालात निघायला हवं होतं. त्याचं मूळ १९३४ सालच्या माँयां या फ्रेंच गृहस्थांच्या पुस्तकात आहे, ग्रामोद्योग संघाच्याच वर्षीचं. त्यात विमानाच्या स्थिर पंखांचा हिशेब किड्याला लावला आणि उत्तर आलं की किडा उडू शकत नाही. हिशेब चुकला होता, किडा नाही. मी हे सविस्तर लिहून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि पाचव्यानं भुंगा.

जाता जाता मास्तरांनी आणखी एक सांगितलं. आपल्या डोळ्याला सेकंदाला ५०-६० लुकलुकींच्या पुढे सगळं सलग वाटतं. मधमाशीला २००च्या घरातल्या लुकलुकी सुट्या सुट्या दिसतात. आमची ती ट्यूब तिच्या लेखी खरोखरच शंभर वेळा मंदावते. थिएटरात बसवली तर तिला सिनेमा नाही, स्लाइड-शो दिसेल.

"म्हणजे," मी विचारलं, "मी पळत होतो तेव्हा..."

"तिले तू असाच दिसून राह्यला असशीन," मास्तर फोनकडे बोट दाखवून म्हणाले. "अठ्ठेचाळीस सेकंद."

ती क्लिप एव्हाना तुमच्यापर्यंतही आली असेल. आली नसेल तर कुणाकडे मागू नका, आणि आली असेल तर पुढे पाठवू नका. पाहायचीच असेल तर थेट ३१व्या सेकंदावर जा, तिथे थांबवा आणि उजव्या कानाच्या वर पाहा. कानाखाली पाहायचं काही कारण नाही.